वारा कुठून येणार?

दिवाळीचा फराळ आटोपला, की आमच्याकडे तबक फिरते. त्या तबकात पूर्वी श्रीवर्धनच्या बाजूच्या आमच्या वाडीतली रोठा सुपारी असे. मोठी, मऊ, आतून पांढरी. गेली काही वर्षे सुपारी बाजारातून आणावी लागते, आणि अडकित्ता हातात घेतला की मला ३ जून २०२० ची दुपार आठवते.

त्या साली मार्चमध्ये मी चार दिवसांसाठी म्हणून काकांकडे गेलो आणि टाळेबंदीमुळे तिथेच अडकलो. काकांचे वय अठ्ठ्याहत्तर. घर मंगलोरी कौलांचे. पश्चिमेला समुद्राच्या अंगाला ओटी, पूर्वेला पडवी, पडवीपलीकडे गोठा आणि मग वाडी. तीनशेच्या वर पोफळी आणि पंचवीस-तीस माड. समुद्र हाकेच्या अंतरावर. काकांना त्याची गाज ऐकू येईनाशी झाली तरच त्यांची झोप मोडायची.

वादळ येणार, हे आम्हांला दोन दिवस आधीच कळले होते. नाव होते 'निसर्ग'. आपल्या बाजूच्या वादळांना किनाऱ्यावरचे देश पाळीपाळीने नावे पुरवतात. नव्या यादीतले हे पहिलेच नाव, बांगलादेशाने दिलेले. वादळाला हे नाव सुचणाऱ्याच्या विनोदबुद्धीचे मला आजही कौतुक वाटते. मी पडलो शाळामास्तर. हवामान खात्याची पत्रके वाचून मी काकांना शिकवायला बसलो. समुद्र तापला म्हणजे हे चक्र कसे पोसले जाते, वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नव्हे तर चौपट कसा होतो, हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी सुमारे एक सेंटिमीटर कसे फुगते, आणि त्याहून कितीतरी अधिक पाणी वाराच कसा किनाऱ्यावर लोटतो, हे सारे मी सांगितले. भरतीच्या पातळीवर आणखी मीटर-दोन मीटर पाणी चढेल, असा अंदाज होता.

काका शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "उद्या द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. नऊ-साडेनवाला भरती. तुझं वादळ कधी येतंय?"

"दुपारी."

"मग ओहोटीत येतंय. पाण्याचं भय कमी. वारा कुठून येणार, तेवढं सांग."

"समुद्रावरून! आणखी कुठून?" मी म्हणालो.

किनाऱ्याला अगदी लागून राहणाऱ्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवले होते. आम्हीही जायला हवे होते, हे मी आज म्हणू शकतो. काकू गाईला सोडून येईनात आणि काका काकूंना सोडून येईनात. तेव्हा आम्ही घर बांधायला घेतले. पश्चिमेच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या. ओटीवरचा झोपाळा उतरवला. वीज जाणार आणि पंप बसणार, म्हणून विहिरीचे पाणी घरातल्या हंड्या-कळशांत भरून ठेवले. सातबारा, रेशनकार्ड, बँकेची पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून काकूंनी ती तांदळाच्या डब्यात पुरली. कोयता आणि करवत माजघरात आणून ठेवली. वादळानंतर वाट मोकळी करायला तीच लागतात. पूर्वेच्या पडवीकडे मात्र कोणी पाहिले नाही. ती माझ्या हिशेबात नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमारास वारा आला तो पडवीकडून, डोंगराच्या अंगाने.

त्याचे कारण पाठ्यपुस्तकात आहे, आणि ते मी मुलांना शिकवलेलेही आहे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. वादळ नैऋत्येकडून अंगावर येत असेल, तर त्याच्या पुढच्या भागातला वारा आपल्याला पूर्वेकडून आणि आग्नेयेकडून लागतो. पडवीचे दार पहिल्या पाऊण तासात निखळले. घरात शिरलेल्या वाऱ्याने कौले आतून उचलली. ताशी शंभर-एकशेवीस किलोमीटर हा पत्रकातला आकडा. त्याचा आवाज पत्रकात नसतो. पोफळी मोडण्याचे आवाज आम्ही आधी मोजत होतो, नंतर मोजायचे सोडले. समुद्राचे पाणी मात्र वाडीत आले नाही. काकांची पाऊणपट खरी ठरली होती.

आणि मग एकाएकी वारा पडला. पाऊसही थांबला. वर उजेड दिसू लागला.

"संपलं," काका म्हणाले. "गाईचं दावं सोडून येतो."

ते संपलेले नव्हते. वादळाचा मधला भाग आमच्यावरून जात होता. तो सरकला की वारा उलट दिशेने, समुद्रावरून येणार, हे मला ठाऊक होते. पण सकाळी मी एवढ्या खात्रीने चुकलो होतो, आणि म्हातारा बरोबर ठरला होता. मी म्हटले, "काका, जरा थांबलात तर..." आवाजात जोर नव्हता. जोर असता तर ते थांबले असते. काकू "अहो, थांबा!" म्हणून उठल्या, तोवर ते अंगण ओलांडून गेले होते.

पश्चिमेचा वारा आला तेव्हा ते गोठ्यात होते. पुढचा दीड तास आम्ही माजघराच्या भिंतीला पाठ लावून बसलो होतो. गोठ्याचे पत्रे उडून गेलेले आम्हांला दिसले. त्याखालचे काही दिसत नव्हते. काकू एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही.

वारा उतरल्यावर मी करवत घेऊन धावलो. आडव्या माडाखालून वाट काढायला बराच वेळ लागला. काका गव्हाणीत अंगाची मुटकुळी करून पडले होते. खांदा निखळलेला, कपाळावर खोक. गाय त्यांच्यापुढे उभी होती. दावे सुटलेले होते, तरी ती गेली नव्हती.

वाडीत एक्केचाळीस पोफळी उभ्या राहिल्या. वीज यायला महिन्याच्या वर लागला. काकूंनी दोन दिवसांनी वटपौर्णिमा आडव्या झालेल्या वडाजवळ जाऊन केली. काकांनी खांदा झोळीत असतानाच रोपांसाठी सुपाऱ्या निवडून ठेवल्या. पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे घेते. हा हिशेब त्यांच्यासमोर कोणी केला नाही.

पुढच्या वर्षी, २०२१ च्या मे महिन्यात, तौक्ते वादळ अरबी समुद्रातून गुजरातकडे निघाले. मी मुंबईत होतो. काकांचा फोन आला. ख्यालीखुशाली न विचारता त्यांनी विचारले, "वारा कुठून येणार?"

मी नकाशा उघडला. या वेळी घाई केली नाही.

"वादळ समुद्रातूनच वर सरकतंय, काका. तुमच्या पश्चिमेने जाईल. आधी आग्नेयेकडून वारा, मग दक्षिणेकडून, शेवटी नैऋत्येकडून. हळूहळू वळत जाईल. मध्ये पडला, तरी बाहेर जायचं नाही."

"नाही जात," ते म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "गाईचं विचारा." काका फोन न ठेवताच त्यांना म्हणाले, "सकाळीच सोडलीय."