आकाशातील शेजारी

आकाश केवढे विस्तीर्ण! तेथे कोणाला कोणाची अडचण व्हावी, अशी कल्पनाही सहसा मनात येत नाही. पण भांडणासाठी जागा अपुरीच असावी लागते असे थोडेच आहे? परवाना मिळविलेले वैमानिक आणि छोटी विमाने उडविणारे हौशी लोक यांच्यातील कुरबुर मी अमेरिकेत डोळ्यांनी पाहिली आहे.

2019 च्या वसंत ऋतूत मी भाच्याकडे गेलो होतो. त्याला वैमानिकाचा परवाना आहे. तेथील लहानशा विमानतळाच्या पलीकडे, गवत कापून केलेल्या चिमुकल्या धावपट्टीवर दर रविवारी हौशी मंडळी जमत. त्यांतील एका वृद्ध गृहस्थांनी बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या काड्या जोडून व त्यांवर पातळ कागद ताणून एक विमान सिद्ध केले होते. सारा हिवाळा त्यात खर्ची पडला होता. मी ते कौतुकाने न्याहाळीत असता भाचा हळूच म्हणाला, "मामा, शेवटी खेळणेच ते!" मराठी शब्द त्या गृहस्थांना कळले नाहीत, स्वर मात्र कळला असावा.

मला तो शब्द रुचला नाही. 1871 साली पॅरिसच्या एका उद्यानात आल्फोन्स पेनो या फ्रेंच तरुणाने पिळलेल्या रबराच्या जोरावर एक इवलेसे विमान सुमारे 11 सेकंद उडविले. त्यानेच रूढ केलेल्या धर्तीचे एक उडते खेळणे 1878 मध्ये वडिलांनी घरी आणले, तेव्हा विल्बर राइट 11 वर्षांचा आणि ऑर्व्हिल 7 वर्षांचा होता. पुढे 1903 मध्ये या भावांनी काय केले, हे तुम्ही जाणताच. मग नातवाने आजोबांना हिणवावे काय?

तथापि भाच्याची बाजूही खोटी नव्हती. "त्यांचे विमान पडले तर लाकूड मोडेल, माझे पडले तर मी मोडेन," असे तो म्हणाला, तेव्हा मी निरुत्तर झालो. वेगाने जाणाऱ्या विमानातून हातभर लांबीची वस्तू दिसते न दिसते तोच ती जवळ येऊन ठेपते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र मोठ्या विमानाचा आवाज दुरून ऐकू येतो आणि भोवतालचे आकाशही दिसते. म्हणून वाट सोडावयाची ती लहानाने. 2012 च्या अमेरिकन कायद्यातही तसेच म्हटले होते.

हौशी लोकांचे खरे दुखणे निराळेच होते. दुकानातून ड्रोन विकत घेऊन वाटेल तो वाटेल तेथे उडवू लागला आणि जाच झाला तो यांना. 2015 च्या डिसेंबरात 250 ग्रॅमहून जड अशा छोट्या विमानांसाठीही नोंदणी सक्तीची झाली. 2017 मध्ये न्यायालयाने हौशी मंडळींना तीतून सोडविले. पण वर्षअखेर नव्या कायद्याने ती पुन्हा आली. "पन्नास वर्षे उडवितो आहे, कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही," असे ते वृद्ध गृहस्थ पुनःपुन्हा सांगत. नोंदणीचा क्रमांक त्यांनी विमानाच्या पोटात, बॅटरीच्या कप्प्यात दडविला होता. ती मुभाही 2019 च्या फेब्रुवारीत संपली. क्रमांक आता बाहेरून दिसला पाहिजे!

एका रविवारी ते मोठ्या नाराजीने पंखावर क्रमांक रंगवीत बसले होते. भाचा त्यांच्याजवळ गेला आणि आपल्या विमानावरच्या ठळक क्रमांकाकडे बोट दाखवून म्हणाला, "आमच्याही कपाळी हेच आहे."

गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी कुंचला खाली ठेवला, विमान जरा दूर धरले आणि अक्षरे एका ओळीत आली आहेत का, ते पाहावयास त्याला सांगितले.