कुलपाआडची मनी

आमची खोली एकच. आई कपडे शिवते, मी कॉलेजात जाते. गेल्या महिन्यात मनी आली आणि तिसऱ्याच दिवशी, दोघी बाहेर असताना, तिने गिऱ्हाइकाच्या ब्लाउजपीसला नखे लावली. आईने पदरचे पैसे भरले. मला एवढेच म्हणाली, "पुन्हा असं झालं, तर तिला मंडईत सोडून ये."

मनीला रागे भरण्यात अर्थ नव्हता. मी तिच्याकडे बघत बसले. झोपून उठली की ती अंग ताणायची आणि नखे ओढायला काहीतरी शोधायची. नखांवरची जुनी टरफले अशीच गळतात. त्यात खोडी कसली? पलंगाच्या पायाला गोणपाट घट्ट गुंडाळले. कापड, रिळे, सुया पत्र्याच्या पेटीत गेल्या. गिळलेला दोरा आतड्यात अडकून मांजराच्या जिवावर बेततो, हे आईला नवीनच होते! कोपऱ्यात वाळूची पाटी ठेवली, पाण्याची वाटी ठेवली. निघण्यापूर्वी मनीला चिंधीच्या बोळ्यामागे दमेपर्यंत पळवायचे, मग खाऊ घालायचे, म्हणजे ती झोपते.

पहिल्या दिवशी कुलूप लावून मी जिन्यातच दहा मिनिटे बसले. शेजारच्या काकूंना वाटले, किल्ली हरवली! दुसऱ्या दिवशी अर्धा तास. मग इतिहासाचे दोन तास.

शनिवारी कुलूप आईने उघडले. मी मागे श्वास रोखून उभी. गोणपाटाच्या चिंध्या झाल्या होत्या. बाकी सारे जागच्या जागी. मनी शिलाई मशीनवर गाढ झोपलेली.

आईने तिला उठवले नाही. जमिनीवर बसून काजबटणे करायला घेतली.