माजघराचा रंग

घरास रंग द्यावयाचें ठरलें, म्हणजे एरवीं एका पंक्तीस जेवणारीं माणसेंही दोन पक्षांत उभीं राहतात. आमच्या माजघराविषयीं यंदा असेंच झालें. मुलांस व सुनांस गडद निळा रंग हवा होता. आमच्या वृद्ध मातोश्रींस फिकट पिवळा.

निळ्याची बाजू लंगडी नव्हती. निळ्या भिंतीपुढें पितळेची समई सोन्यासारखी उठून दिसते, हें नाकारतां येत नाहीं. शिवाय संस्कृतांत 'राग' म्हणजे रंग आणि अनुरागही. साहित्यदर्पणांत विश्वनाथानें पूर्वरागाचे नीली, कुसुंभ व मंजिष्ठा असे तीन प्रकार केले आहेत. त्यांत नीलीराग बाहेरून फारसा झळकत नाहीं, परंतु मनांतून जातही नाहीं. माझ्याच तोंडून ऐकलेला हा आधार सुनांनीं माझ्यापुढें ठेविला!

परंतु भिंत हा काव्याइतकाच प्रकाशाचाही विषय आहे. फिकट पिवळी भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडाच्या १०० भागांपैकीं सुमारें ७० भाग खोलींत परत पाठविते. गडद निळी १० सुद्धां पाठवीत नाहीं. चार खिडक्यांच्या दिवाणखान्यास ही उधळपट्टी परवडते. आमच्या माजघरास खिडकी एकच. त्यांत वय वाढलें, कीं डोळ्याची बाहुली आकसते, आंतील भिंग पिवळसर होतें व निळे किरण अडवूं लागतें. विशींत डोळ्याच्या पडद्यावर जितका प्रकाश पोंचतो, त्याच्या सुमारें एक-तृतीयांशच साठींत पोंचतो. मग सुना जिला निळी म्हणतील, ती भिंत मातोश्रींस काळीच दिसणार. आणि पहांटे त्या भिंतीच्या आधारानें चालावयाचें तें त्यांनाच.

तथापि सर्वत्र फिकेपणा असणें हेंही म्हाताऱ्या दृष्टीस हितकर नाहीं. भिंत, दार आणि चौकट एकाच रंगाचीं झालीं, म्हणजे दार कोठें आहे तें चटकन उमगत नाहीं. अंधुक दृष्टीला वाट दाखवितो तो दोन रंगांमधला भेद. म्हणून भिंती फिकट पिवळ्या आणि दारांच्या चौकटी व उंबरे गडद निळे, असा निर्णय झाला.

वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असाच वाद चालू असेल, तर माझी एवढीच विनंती आहे: दोन्ही रंगांचा हातभर पट्टा भिंतीवर ओढावा, आणि तिन्हीसांजेस, दिवे लावण्यापूर्वीं, घरांतील सर्वांत वडील माणसास तेथें नेऊन काय दिसतें तें विचारावें.