पायली आणि पौंड

भात मापायचं आणि गवत तोलायचं, ही आमच्या डहाणू-तलासरीकडची जुनी रीत. आकारमान आणि वस्तुमान हे शब्द मला शाळेत भेटले. त्यांच्यातलं अंतर मात्र आजीला शाळेची पायरी न चढता ठाऊक होतं, कारण ते तिच्या पोटाला बसलेलं होतं.

पावसाळ्यात घरातली कणगी रिकामी झाली की सावकाराकडून खावटीचं भात आणायचं आणि सुगीला वाढीसकट फेडायचं. देताना तो पायलीचं माप अलगद भरायचा आणि वरून हात फिरवून सपाट करायचा. घेताना तीच पायली हापटून, हलवून भरायची आणि वर शीग, म्हणजे काठावर धान्याचा शंकू, लावायची. आजी म्हणायची, "पायली तीच होती, भात तेवढंच नव्हतं."

दाण्यांच्या मधे हवा असते. भांडं हलवलं की दाणे एकमेकांत बसतात, हवा निघते आणि तेवढ्याच जागेत जास्त धान्य मावतं. घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान आहे ते. चार शेरांच्या पायलीत तुसासकट भात घाला, मग कांडलेला तांदूळ घाला. पायली तेवढीच, वजनात मोठा फरक. मापाने चालणाऱ्या व्यवहारात हा फरक कोणाच्या पदरात पडायचा, ते मापणाऱ्याच्या हातावर ठरायचं. वजनमापांच्या 1956 च्या कायद्यानंतर किलो-लिटर आले. तरी पायली आमच्या बाजारातून एकदम गेली नाही.

वडिलांनी मात्र घनता आपल्या कामाला लावली. पेरणीआधी ते दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवायचे आणि त्यात बियाणं ओतायचे. मीठ विरघळलं की पाण्याचं वस्तुमान वाढतं, आकारमान फारसं वाढत नाही. म्हणजे पाण्याची घनता वाढते. साध्या पाण्यात बुडणारा अर्धवट भरलेला दाणाही मग वर येतो. तरंगलेले पोचट दाणे काढून टाकायचे, तळाचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचे. वाऱ्यावर भात उफणतानाही हलकं-जड वेगळं होतं, पण मिठाचं पाणी कितीतरी चोख निवड करतं.

घनतेबद्दल गैरसमजही असायचे. डहाणूचं 500 मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र 1995 मध्ये सुरू झालं आणि तिथल्या कोळशाच्या राखेची चर्चा घरोघर पोचली. उडते म्हणून ती पाण्याहून हलकी असेल, असं बहुतेकांना वाटायचं. खरं तर तिचे बहुतेक कण पाण्याच्या साधारण दुप्पट घनतेचे असतात. उडतात ते बारीकपणामुळे. काही कण मात्र आतून पोकळ असतात आणि पाण्यावर तरंगतात. हे मी वर्गात फार आवडीने सांगते.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं असतं ते गवताबद्दल. मुंबईच्या तबेल्यांना आमच्या भागातून गवत जायचं. सैल गवताच्या एका घनमीटरचं वजन साधारण 50 ते 70 किलो भरतं. त्याच्या गाठी दाबून पाठवायच्या, कारण वाहतुकीला जागेचे पैसे पडतात. हे गवत मालकांसाठी कापणारे वारली आदिवासी मजूर 23 मे 1945 ला तलासरीकडच्या झरी गावातल्या सभेत एकत्र आले. किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. त्या वर्षी गवतकापणीच्या ऐन हंगामात संप झाला. मागणी होती 500 पौंड गवत कापायला अडीच रुपये. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात लढ्यातले जेठ्या गांगड आणि त्यांचे साथीदार मारले गेले.

त्या मागणीतल्या 'पौंड' या शब्दापाशी मी दर वर्षी थांबते. भाऱ्यावर मजुरी ठरली असती तर भारा केवढा, यावर मालकाचा हात चालला असता. पौंडाला शीग लावता येत नाही.

पाचशे पौंड म्हणजे जवळपास 227 किलो. एवढं भात अर्ध्या घनमीटरच्याही आत बसतं. एवढं सैल गवत मात्र साडेतीन-चार घनमीटर, आमच्या वर्गाच्या कोपऱ्यात छतापर्यंत. मुलं हे गणित फळ्यावर सोडवतात आणि डोक्यावरून न्यायचे आठ-नऊ भारे मोजतात. एका मुलीने विचारलं, "बाई, ओलं की वाळलेलं?"

तेव्हा आम्ही शाळेमागचं गवत कापून एक भारा ताणकाट्याला लावला, वजन लिहिलं आणि व्हरांड्यात पसरला. रोज तोलत गेलो. वजन उतरायचं थांबलं तेव्हा ते निम्म्याच्या आसपास आलं होतं. ढीग डोळ्यांना फारसा लहान वाटत नव्हता. त्या मुलीने वहीत लिहिलं: काट्यावर वाळलेलं 500 पौंड भरायचं असेल, तर विळ्याला हिरवं हजार पौंड कापावं लागेल.