मुरबाड, पण एप्रिलमध्ये

जुलैमधल्या एखाद्या शनिवारी सकाळी कल्याण-मुरबाड रस्त्यावर उभं राहून बघा. दर दुसऱ्या गाडीत आपल्यासारखीच चार-पाच ऑफिसवाली मंडळी असतात. सगळ्यांचं टार्गेट एकच: माळशेजचा धबधबा, त्याखाली ओलेचिंब फोटो आणि टपरीवरची गरमागरम भजी. मीही हे सगळं केलंय आणि मजाही खूप आली आहे. पण मुरबाड खरंच बघायचा असेल तर एकदा एप्रिलमध्ये जा, असं माझं म्हणणं आहे.

वेडेपणा वाटेल. मान्य! एप्रिलमध्ये इथे धबधब्यांच्या जागी कातळावरचे काळे-पांढरे पट्टे तेवढे उरतात. डोंगर तपकिरी, शेतं भाजलेली. मुरबाड सोडून सरळगाव, टोकावडे करत वैशाखऱ्याकडे निघालात की डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग एकदा तरी दिसतेच. इथे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग एवढं पाणी जातं कुठे?

याचं उत्तर मला एका कोरड्या ओढ्यात मिळालं. वाडीच्या खालच्या अंगाला तीन बायका वाळूत बसलेल्या होत्या. प्रत्येकीसमोर गुडघाभर खोल खड्डा. त्याला म्हणतात डवरा. वाळू उकरायची, पहिलं गढूळ पाणी काढून टाकायचं आणि थांबायचं. बाजूने पाणी झिरपून खड्ड्यात जमतं आणि निवळतं. मग वाटीने अलगद उचलून हंड्यात ओतायचं. वाटी जोरात बुडवली की तळ ढवळला आणि पुन्हा थांबणं आलं.

‘‘खोल का नाही खणत, मावशी?’’ मी विचारलं.

‘‘खाली कातळ हाय दादा. पाणी वरच हाय. त्याला घाई चालत नाय.’’

हातातली वाटी न थांबवता मावशींनी सह्याद्रीचं भूगर्भशास्त्र दोन वाक्यांत सांगून टाकलं. हा सगळा मुलूख बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. अखंड कातळात पाणी मुरत नाही. ते राहतं वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, ओढ्याच्या वाळूत आणि कातळाच्या भेगांमध्ये. हा थर पातळ आणि उतार मोठा, त्यामुळे पावसाचं बरंचसं पाणी काळू नदीने खाली निघून जातं. मुरलेलं थोडं पाणी विहिरींना पुरतं, पण उन्हाळा चढला की अनेक विहिरींचा तळ दिसू लागतो. बोअरवेल मारली तरी भेग लागली तर पाणी, नाहीतर नुसता धुरळा.

हे ऐकताना मला आठवलं ते चक्क बेटांवरचं पाणी. मुरबाडला समुद्र कुठला, असं तुम्ही म्हणाल. पण गंमत बघा. छोट्या बेटावर पाऊस पडतो, जमिनीत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, कारण गोडं पाणी हलकं असतं. सरबतातल्या बर्फासारखंच, थोडं वर आणि बरंचसं खाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डच अभियंता घायबेन आणि १९०१ मध्ये जर्मनीचा हर्झबर्ग यांनी याचा हिशोब मांडला. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट असतं. म्हणजे उपसून उपसून वरची पातळी एक फूट उतरवलीत तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकणार. मोठा पंप लावून एकाच जागी खोलवरून खेचलं की विहीर खारी झालीच म्हणून समजा.

म्हणून बेटांवर खोल जात नाहीत, आडवे पसरतात. पॅसिफिकमधल्या किरिबाटी देशात तरावा नावाचं बेट आहे. तिथे जमिनीखाली, पाण्याच्या पातळीलगत भोकांचे आडवे पाईप टाकून वरवरचं गोडं पाणी हलकेच गोळा केलं जातं. मला तर तो लांबलचक डवराच वाटतो. जिथे तेवढंही पुरत नाही तिथे यंत्रं येतात. आपल्या लक्षद्वीपमधल्या कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला.

एवढं लांबही जायला नको. मालवणच्या सिंधुदुर्गावर चारही बाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चर्चगेटला ऑफिस असेल तर क्रॉस मैदानाच्या कोपऱ्यावरची भिका बेहराम विहीर तुम्ही रोज ओलांडत असाल. ती १७२५ सालची आणि समुद्र इतका जवळ असूनही गोडी. वसईत बावखलं आहेत, म्हणजे वाडीत खणलेली छोटी तळी. पावसाचं पाणी त्यांत साठतं, जमिनीत मुरतं आणि आसपासच्या विहिरी गोड्या ठेवतं. पण याच वसईतून टँकर भरभरून पाणी बाहेर विकलं जाऊ लागलं, तेव्हा विहिरी खाऱ्या होण्याच्या भीतीने लोक रस्त्यावर उतरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीचं ते आंदोलन आजही लोकांच्या लक्षात आहे.

वसईशेजारच्या सोपाऱ्याचा आणि मुरबाडचा एक जुना धागा आहे. तो बघायला नाणेघाट चढावा लागतो. वैशाखऱ्याच्या पुढे फाट्यावरून वाट सुरू होते आणि रमतगमत दोन-अडीच तासांत आपण वर पोचतो. पायथा मुरबाड तालुक्यात, माथा पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यात. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरला जाणारा हा सातवाहनांचा व्यापारी रस्ता. वरच्या लेण्यातला नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आणि घाटमाथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण सगळेच बघतात. वाटेवरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांपाशी मात्र फारसं कुणी थांबत नाही. थांबाच. एका टाक्यावरच्या लेखात म्हटलंय की ही ‘पोढी’, म्हणजे पाण्याचं टाकं, सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान आहे.

घाम पुसत मी त्या टाक्यांपाशी बराच वेळ बसलो. समुद्राकाठच्या एका माणसाला वाटलं, की ज्या डोंगरातून आपला माल जातो तिथे चढून येणाऱ्याला पाणी मिळावं. त्याने पैसे मोजले आणि कातळ खोदून घेतला. एप्रिलमध्येही एका टाक्यात हिरवट पाणी होतं. अशा काही टाक्यांत पावसाबरोबर कातळाच्या भेगांतूनही झिरप येतो. भेग कुठे आहे हे त्या पाथरवटांना बरोब्बर कळत असणार.

आता पाण्याची दिशा उलटी झालीय. मुंबईची बेटं आपल्या विहिरी-तलावांवर भागेनाशी झाली, तेव्हा १८६० मध्ये विहार तलाव आला आणि मग नजर डोंगरांकडे वळली. १८९२ मध्ये शेजारच्या शहापूर तालुक्यात तानसा झालं, पुढे मोडकसागर आणि भातसा. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा आज एकट्या भातसाचा आहे. मुरबाडच्या हद्दीला लागून एमआयडीसीचं बारवी धरण आहे. त्याचं पाणी उल्हासनगर, डोंबिवलीपासून थेट मीरा-भाईंदरपर्यंत पोचतं. मुरबाडमध्येच काळू नदीवर आणखी एक धरण ठरलं. गावं आणि जंगल बुडणार म्हणून स्थानिकांनी विरोध केला आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं.

शहराला पाणी लागणारच. मीही त्याच नळाखाली आंघोळ करतो. पण धरणांच्या तालुक्यांतल्या वाड्यांवर उन्हाळ्यात टँकर यावा लागतो, हे काही निसर्गाने ठरवलेलं नाही. वाडीचं पाणी वाढवायला फार मोठं काही लागत नाही. पाऊस संपता संपता ओढ्यात मातीने भरलेल्या सिमेंटच्या गोण्या रचून वनराई बंधारा घालतात. पाणी तिथे अडतं, थोडं मुरतं आणि आसपासच्या विहिरींना काही आठवडे जास्त मिळतात. नदीपात्रातल्या विहिरीला आडवे पाईप जोडले की डवऱ्याचंच काम मोठ्या प्रमाणावर होतं. म्हणजे पाणी जिथे आहे त्याच पातळ थरातून, झेपेल तेवढंच घ्यायचं. तरावाच्या अभियंत्यांनी केलं ते हेच, आणि मावशींची वाटी करत होती तेही हेच.

बंधारा बांधायला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये माणसं लागतात. गोण्या भरायला आणि हातोहात पुढे द्यायला कुठलंही स्किल लागत नाही. ऑफिसच्या पुढच्या टीम आउटिंगला रिसॉर्टऐवजी हा बेत करून बघा. गावच्या ग्रामपंचायतीत आधी विचारायचं, एवढंच पथ्य.

आणि एप्रिलमध्ये नाणेघाट करायचाच असेल तर कल्याणहून माळशेजकडे जाणारी पहिली एसटी पकडा. टोपी हवीच. नऊच्या आत चढायला लागा, ऊन उतरल्यावर खाली या. पाणी माणशी चार लिटर, तेही घरूनच भरून. वाडीत कुणी तांब्या पुढे केला तर नाही म्हणू नका, माणसं मनापासून देतात. दोन घोट प्या, पण बाटल्या भरून मागू नका. तो हंडा वाटीवाटीने भरलेला असतो.