सुलट, उलट आणि एक महायुद्ध

१/ दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटन समजून घेताना मी चर्चिल यांच्या भाषणांइतकाच भरवसा विणकामाच्या जुन्या मासिकांवर आणि पुस्तिकांवर ठेवतो. स्वेटर कसा विणावा, एवढेच सांगण्यासाठी त्या छापल्या गेल्या. इतिहास लिहिण्याचा त्यांचा हेतू नव्हता. म्हणूनच त्यांची साक्ष मोलाची वाटते.

२/ आधी थोडी गंमत. १९३२ साली तिथे ‘स्टिचक्राफ्ट’ हे मासिक सुरू झाले. त्या दशकातल्या विणकाम-पुस्तिकांत पोहण्याचे लोकरी पोशाखही आढळतात. चित्रातली तरुणी कोरडी असते, हे तिचे भाग्य! लोकर पाणी पिते, जड होते आणि खाली ओघळू लागते.

३/ या कृतींची लिपीही सांकेतिक. सुलट टाका, उलट टाका, साऱ्यांना एकेक अक्षर. ब्रिटनच्या जुन्या मोजणीत क्रमांक वाढला की सुई बारीक होई : ८ नंबरची ४ मिलिमीटर, १४ नंबरची २ मिलिमीटर. अमेरिकेत नेमके याच्या उलट. शिवाय पुष्कळ कृती एकाच मापाच्या. त्या मापात न बसणारीने आपला हिशेब आपणच मांडायचा.

४/ १ जून १९४१ रोजी कपड्यांवर रेशनिंग आले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने, आणि विणायच्या लोकरीलाही कूपन. तेव्हापासून पुस्तिकांतला स्वेटर आखूड आणि अंगासरसा होत जातो. ‘फेअर आइल’ची रंगीत नक्षी लोकप्रिय होते, कारण तीत उरलेसुरले धागे खपतात. आपण जिला फॅशन म्हणतो, तिच्यामागे पुष्कळदा टंचाई उभी असते.

५/ १९४३ मध्ये सरकारनेच ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढली : आहे त्यात भागवा, फाटले ते सांधा. जुना स्वेटर उसवायचा, लोकर धुऊन वाळवायची आणि तिचाच नवा विणायचा, ही घरोघरची रीत झाली.

६/ मात्र मी थबकतो तो सैनिकांसाठीच्या कृतींपाशी. त्यांत माकडटोपी असते; तिचे इंग्रजी नाव ‘बालाक्लाव्हा’ हे क्रिमियन युद्धातल्या १८५४ च्या लढाईच्या गावावरून आलेले. आणि असतात बंदुकीचा चाप ओढता यावा म्हणून अंगठा व तर्जनी मोकळी ठेवलेले हातमोजे. बाळाच्या टोपड्याची कृती ज्या संथ स्वरात सांगितली जाते, त्याच स्वरात हीही. इतके टाके घाला, इतके कमी करा. भय, विरह, प्रतीक्षा यांना त्या पानावर जागाच नाही.

७/ असा स्वस्त कागद जपण्याजोगा फारसा कुणाला वाटला नाही. हातविणकामाचा विस्तृत इतिहास १९८७ मध्ये लिहिला तो लेस्टरचे बिशप रिचर्ड रट यांनी! त्यांचा संग्रह आज साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विंचेस्टर येथील ग्रंथालयात आहे.

८/ छापील मजकुराइतक्याच बोलक्या असतात त्या कडेच्या पेन्सिलीच्या खुणा : एक ओळ संपली, एक रेघ. कुठे त्या रेघा मध्येच थांबतात. लोकर संपली की ज्याच्यासाठी विणत होती तो माणूस, हे कागद सांगत नाही. आपल्या घरात अशी एखादी जुनी पुस्तिका वा विणकामाची वही असेल, तर रद्दीत घालण्यापूर्वी तिच्या कडा तेवढ्या वाचून पाहा.