पोफळीच्या चौघी आणि भाट्येचा किनारा

पोफळी म्हटले की लोकांना वीज आठवते. सह्याद्रीच्या पोटात खोदलेले कोयनेचे भूमिगत वीजगृह आमच्याच गावात आहे. वर घाटमाथ्यावर शिवसागर जलाशयात अडवलेले पाणी बोगद्यांतून खाली येते, इथली जनित्रे फिरवते, कोळकेवाडीच्या धरणात जाते, अलोऱ्याला पुन्हा एकदा राबते आणि मग वाशिष्ठीला मिळून दाभोळच्या खाडीतून समुद्राला भेटते. मूळची ही नदी पूर्वेकडे कृष्णेकडे जाणारी. सगळे टप्पे धरून प्रकल्पाची क्षमता 1960 मेगावॅट आहे, हे आमच्या शाळेतली पाचवीची मुलेही घडाघडा सांगतात. पण त्यातल्या कितीकांनी समुद्र पाहिला आहे, असे विचारले की निम्मे हात खालीच राहतात. आम्ही कोकणातले खरे, पण घाटाखालचे. आमच्याकडून पाणी समुद्राला रोज जाते. माणसे वर्षा-दोन वर्षांनी कधी लग्नाच्या, कधी दवाखान्याच्या निमित्ताने.

म्हणून वाचक बहिणींनो, या जानेवारीत आम्ही चौघी पोफळीहून रत्नागिरीला केवळ धावायला गेलो, ही गोष्ट मोहल्ल्यात बरेच दिवस पुरली.

चौघी म्हणजे शाळेतल्या आम्ही दोघी, आमच्या गल्लीतल्या एक भाभी आणि आमची एक माजी विद्यार्थिनी. भाभींचे वय पंचेचाळीस, मियाँ कुवेतला, साखर तीन वर्षांपासून वाढलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. चालता चालता त्यांना कंटाळा आला आणि एक दिवस त्या धावू लागल्या, इतकी साधी सुरुवात. मुलगी एकोणीस वर्षांची, चिपळूणला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. शाळेत असताना तालुक्याच्या स्पर्धेत ती पंधराशे मीटर पळायची. बारावीनंतर ते सुटले होते.

सराव आम्ही जुलैत सुरू केला. पोफळीचा जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा अर्थ कळेल. पाऊस थांबायची वाट पाहिली असती तर ऑक्टोबर उजाडला असता. फजरची नमाज झाली की कॉलनीचे रस्ते, मग शिरगावपर्यंत आणि रविवारी थोडे पुढे अलोऱ्याकडे. कॉलनीतली काही क्वार्टर्स आता रिकामी आहेत, त्यामुळे पहाटे तिथे कुत्री आणि आम्ही, एवढेच. घाटाकडे मात्र तोंड करायचे नाही असे ठरले होते. कुंभार्ली घाट उतरून येणाऱ्या ट्रकना पहाटेच्या धुक्यात चार बायका दिसतीलच याची खात्री कोण देणार? भाभींनी रात्रपाळीच्या कामगारांसारखे चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट आणले. ते बुरख्यावर घालून त्या पहिल्यांदा निघाल्या तेव्हा दूधवाल्याने सायकल थांबवून सलाम केला. त्याला वाटले, प्रकल्पाच्या कोणी साहेब आहेत.

कपड्यांचा प्रश्न आम्ही बसून सोडवला, कारण तो खरा प्रश्न आहे. सुती कापड घामाने जड होते आणि काखेत, मांड्यांना घासते. पाच किलोमीटरला ते चालून जाते, पंधराला कातडे सोलते. शेवटी पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा लांब टी-शर्ट, खाली ढगळ ट्रॅकपँट आणि पिन न लावता बसणारा ओढून घ्यायचा स्कार्फ, यावर एकमत झाले. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली. हे लिहायला संकोच वाटतो, पण आम्हाला हे सांगणारे कोणी नव्हते, तेव्हा लिहिलेले बरे.

खरी अडचण मुलीच्या घरी आली. तिचे वडील टेम्पो चालवतात. शांत माणूस. त्यांनी धर्माचे नाव काढले नाही; त्यांचा प्रश्न वेगळा होता. तिथे फोटो काढणारे असतात, ते फोटो कुठे कुठे जातात, उद्या स्थळ पाहायला आलेल्यांच्या मोबाइलवर ते निघाले तर? आम्ही शिक्षक, आमच्यापाशी या प्रश्नाचे तयार उत्तर नव्हते. फोटो जातातच. आम्ही एवढेच म्हणालो की फोटोत ती जे करताना दिसेल त्यात लपवण्यासारखे काही नसेल. ते गप्प राहिले. बोलली ती आतल्या खोलीतून दादी. तिने हज केलेला आहे. "बीबी हाजरा सफा-मरवाच्या मध्ये सात वेळा धावली," ती म्हणाली. "पाण्यासाठी, लेकरासाठी. एका बाईच्या धावण्याच्या आठवणीत आजवर सगळी दुनिया तिथे फेऱ्या घालते. आणि तू हिला रत्नागिरीला पाठवायला घाबरतोस?" सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर होते, हे आम्ही नंतर हिशेब करून पाहिले. दादीने ते वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पायी केले होते.

बायकांना लांब अंतर झेपत नाही, ही समजूत काही आपल्याच मोहल्ल्याची नाही. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रिया आठशे मीटर धावल्या आणि नंतर ती शर्यत 1960 पर्यंत बंद ठेवली गेली, कारण शहाण्यासुरत्या पुरुषांना ती बायकांच्या प्रकृतीला घातक वाटली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला 1984 उजाडले. त्याच वर्षी मोरोक्कोच्या नवाल अल् मुतवक्कलने चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक घेतले. आणि 2024 मध्ये पॅरिसला मॅरेथॉन जिंकणारी सिफान हसन, इथिओपियात जन्मलेली आणि नेदरलँड्सकडून धावणारी, पदक घ्यायला हिजाब घालून उभी राहिली. आमच्या मुलीने तो फोटो मोबाइलवर लावून ठेवला होता. वडिलांनी तो पाहिलेला असणार.

रत्नागिरीची कोकण कोस्टल मॅरेथॉन जानेवारी 2024 मध्ये पहिल्यांदा झाली. आम्ही नाव घातले ते अर्ध्या मॅरेथॉनला, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर जवळजवळ शंभर मीटर. वरचे शंभर मीटर कोणी मोजत नाही, पण शेवटी तेच सर्वात लांब असतात.

आदल्या दिवशी चिपळूण, सावर्डे, संगमेश्वर, हातखंबा असे एसटीने गेलो. मुक्काम राजिवड्यात, भाभींच्या खालाकडे. राजिवडा ही काजळी नदीच्या खाडीवरची मच्छीमारांची वस्ती; दारातून होड्या दिसतात आणि वासाने भूक लागते. खालाने सुरमई तळली होती, तिसऱ्या केल्या होत्या. उद्या धावायचे म्हणून आम्ही डाळभातावर थांबलो, तर ती खरोखरच रुसली. माणसे समुद्रावर यायची आणि मासे न खाता झोपायची, हा प्रकार तिने कधी पाहिला नव्हता. मुलीने मात्र दोन तुकड्या खाल्ल्या. एकोणीस वर्षांच्या पोटाला नियम नसतात.

जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, आणि फजरची वेळ व धावायला सुटण्याची वेळ अगदी एकमेकींना चिकटून येतात. वजू घरूनच करून गेलो. सुरुवातीच्या जागेपासून थोडे बाजूला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर ओढण्या अंथरून नमाज पढलो. सलाम फेरेपर्यंत ढोल थांबले होते आणि बाकीचे सगळे निघून गेले होते. रेषेजवळ एक स्वयंसेवक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "ताई, बुटांच्या नाड्या नीट बांधा. घाई नको. तुम्ही रेषा ओलांडाल तेव्हाच तुमची वेळ मोजायला सुरुवात होते." छातीवरच्या नंबरामागे चिप असते, तिची ही सोय. सर्वांच्या मागून निघण्याचा आणखी एक फायदा: आमच्यामागून कोणी येऊन धक्का देणार नव्हते.

अंधारातून शहर उतरून भाट्येच्या पुलावर आलो तेव्हा उजेड फुटत होता. हा पूल काजळीच्या मुखावर आहे. एका हाताला खाडी, एका हाताला उघडा समुद्र, मागे टेकडीवर थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. हा वाडा तयार व्हायला 1910 साल उजाडले आणि सहा वर्षांतच तो इथे वारला. या खाडीकडे तो तीस वर्षे पाहत राहिला असेल. इतिहासाचा हा धडा आम्ही वर्गात शिकवतो, पण पुलावर आल्यावर तो दुसराच वाटतो. परका राजा, आणि खाली राजिवड्याच्या होड्या नेहमीसारख्या निघालेल्या.

पुलापलीकडे सुरूचे बन लागते, शेजारी नारळ संशोधन केंद्र, आणि त्या झाडीतून लाटांचा आवाज. इथे रस्ता सपाट आहे आणि इथेच लोक फसतात, असे एका जुन्या धावपटूने आम्हाला आदल्या दिवशी सांगितले होते: देखावा इतका सुंदर की पाय आपोआप जोरात पडतात, आणि झरीविनायकाच्या पुढे चढ सुरू झाला की त्याची किंमत द्यावी लागते. आम्ही त्याचे ऐकले. भाभी तर चढ येताच सरळ चालू लागल्या, हात कमरेवर ठेवून, आपल्या अंगणात चालल्यासारख्या. कसोप-फणसोपच्या बाजूला घरांपुढे माणसे उभी होती. एक आजी नळीने अंगणात सडा घालत होती, तिने आम्हाला विचारले, "कुठून गो आलात?" पोफळी म्हटल्यावर म्हणाली, "वीजवाल्या!" तेवढ्यावर आम्ही दोन किलोमीटर हसत गेलो. आंब्यांना मोहोर आलेला होता. जांभ्याच्या गडग्यांवर ऊन चढले आणि खारट हवेने घाम वाळेना. आमच्याकडे घाटातला वारा असतो. इथे दमटपणा अंगाला ओल्या चादरीसारखा लपेटतो. दर पाणवठ्यावर आम्ही थांबून मीठ-साखरेचे पाणी प्यालो. भाभींनी साखर तपासायचे यंत्र कमरेच्या पिशवीत आणले होते. बारा किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसून बोट टोचले, आकडा पाहिला, खजूर तोंडात टाकला आणि उठल्या. ज्यांना साखरेचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. भाभींनी दोनदा विचारले होते.

मुलगी केव्हाच पुढे निघून गेली होती. ती दोन तास नऊ मिनिटांत पोहोचली. आम्ही दोघी शिक्षिका तीन तासांच्या थोड्या आत. भाभी मागे राहिल्या, आणि भाट्येच्या वाळूजवळ आम्ही तिघी केळी हातात धरून त्यांची वाट पाहू लागलो. ऊन वाढले. रस्त्यावर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. रुग्णवाहिका एकदा आली, आम्ही तिघींनी आत पाहिले, ती रिकामी होती. कुवेतहून त्यांच्या मियाँचा व्हिडिओ कॉल आमच्या फोनवर लागलेला. त्यांना आम्ही नुसता रिकामा रस्ता दाखवत होतो. मग सुरूच्या सावलीतून ते चमकणाऱ्या पट्ट्यांचे जाकीट दिसले. कमरेला बांधलेले. तीन तास छत्तीस मिनिटे. डाव्या अंगठ्याचे नख काळे पडलेले. मियाँ फोनमध्ये काहीतरी मोठ्याने बोलत होते. भाभी म्हणाल्या, "थांबा हो, आधी पाणी पिऊ दे," आणि त्यांनी फोन वाळूवर ठेवून दिला.

दुपारी खालाकडे सगळी सुरमई संपवली.

रात्री चिपळूण स्थानकावर उतरलो तर मुलीचे वडील टेम्पो घेऊन उभे. फोटोचे त्यांनी विचारले नाही. पदक हातात घेऊन जरा तोलून पाहिले, खिशात टाकले आणि म्हणाले, "गुडघा दुखतोय का? पुढे बस. मागे धक्के लागतील." आम्ही तिघी मागे रिकाम्या क्रेटवर बसून पोफळीपर्यंत आलो. सोमवारी पहिला तास सातवी ब, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना आम्हाला पाहून मुलांनी विचारले, "मॅडम, नंबर कितवा आला?"